पुडीतली पत्री

गणेशचतुर्थीच्या सकाळी एका स्नेह्यांच्या घरी पूजेला बसलेल्या मंडळींत मी होतो. घर सुशिक्षित, आरास नेटकी, गुरुजी वेळेवर आलेले. पत्रीसमर्पणाची वेळ आली तेव्हा बाजारातून आणलेली प्लॅस्टिकची पुडी सोडण्यात आली आणि गुरुजी एकेक नाव उच्चारू लागले. यजमानांचा पाच वर्षांचा नातू शेजारी मांडी घालून बसला होता. त्याने पुडीतले एक पान उचलले आणि विचारले, "आजोबा, हे कशाचं पान?" आजोबांनी पानाकडे पाहिले, गुरुजींकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. आम्हा तिघांपैकी कोणालाही ते सांगता आले नाही. "पत्री आहे बाळा, वाहा देवाला," असे म्हणून आजोबांनी प्रश्न मिटवला. मुलाने पान वाहिले. त्यानंतरची पाने त्याने न विचारताच वाहिली.

घरी येऊन मी एकवीस पत्रींची यादी काढली आणि त्यांतली किती झाडे मला रस्त्यात भेटली तर ओळखता येतील हे प्रामाणिकपणे मोजले. ती नऊ भरली. तीस वर्षे तरुणांना शिकवण्यात घालवलेल्या आणि देवाधर्माविषयी आपल्याला आस्था आहे असे मानणाऱ्या माणसाची ही अवस्था आहे. तेव्हा पुढे जे कठोर लिहिले आहे, त्यातला पहिला आरोपी प्रस्तुत लेखक आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. लहान मुलाच्या मनात श्रद्धा रुजवणे आणि त्याला सृष्टीची आवड लावणे ही दोन निराळी कामे आहेत, असे आपण हल्ली धरून चालतो. पहिले काम संस्कारवर्गाकडे आणि दुसरे सहलीकडे सोपवून आपण मोकळे होतो. वस्तुतः सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलापुरते हे काम एकच आहे. त्याचे दोन तुकडे केल्यामुळेच आपल्या मुलांची श्रद्धा पोकळ आणि त्यांचे निसर्गप्रेम उथळ होत चालले आहे.

प्रथम संस्कारवाद्यांचा विचार करू. यांच्या घरी मूल तीन वर्षांचे होताच स्तोत्रे पाठ करू लागते. पाहुणे आले की त्याला उभे करून म्हणावयास लावतात, स्पर्धेत बक्षीस मिळाले तर त्याचे छायाचित्र नातेवाइकांकडे जाते. पाठांतराला माझा विरोध नाही. शुद्ध वाणी हे मोठे धन आहे. पण पाठांतर म्हणजे श्रद्धा नव्हे. आपल्यापेक्षा मोठे, आपण न निर्मिलेले आणि आपल्या मालकीचे नसलेले असे काही जगात आहे, त्याच्यापुढे नम्र व्हावे, त्याला इजा करू नये, ही मनाची ठेवण म्हणजे श्रद्धा. ती शब्दांनी शिकवता येत नाही. मुलासमोर तसे मोठे काही उभे करावे लागते आणि आपण स्वतः त्यापुढे वाकून दाखवावे लागते.

आपल्या घरगुती धर्माचारात ही सोय होती. जेवणापूर्वी काढून ठेवलेला गोग्रास, मुंग्यांना घातलेली साखर, भरवताना चिऊकाऊच्या नावाने दिलेले घास, संध्याकाळी तुळशीपुढे लावलेला दिवा, पोळ्याला बैलाच्या खांद्याला चोळलेले लोणी-हळद, आणि चतुर्थीच्या आधी परडी घेऊन पत्री गोळा करण्यासाठी केलेली भटकंती, ही बालवयातली खरी धर्मशाळा होती. आघाडा कुंपणाशी सापडतो, माका ओलसर जागी, दुर्वा कोवळ्या तीन पात्यांच्या घ्यावयाच्या, डोरलीचे काटे बोचतात, धोतरा विषारी म्हणून हात धुवावयाचे, हे सारे मूल आजीच्या मागून फिरताना शिकत असे. त्यात वनस्पतिशास्त्र आणि भक्ती यांच्यामध्ये भिंत नव्हती.

येथे एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. आपल्या पूर्वजांनी पर्यावरणाचे सगळे शास्त्र ओळखून हे विधी रचले, असे आजकाल उच्चरवाने सांगण्यात येते. असा दावा मी करत नाही, कारण त्याला पुरावा नाही. एकवीस पत्रींच्या यादीत देवदारही आहे. तो हिमालयातला वृक्ष कोकणातल्या वा देशावरच्या कुंपणाशी कोठून मिळणार? विधी कोणत्या हेतूने रचले हा इतिहासाचा प्रश्न आहे. त्यांच्यायोगे मुलाच्या हाताला पान, माती आणि पाणी लागत होते, एवढीच गोष्ट माझ्या युक्तिवादाला पुरेशी आहे.

ही सोय कोणी बुडवली? नास्तिकांनी नव्हे. ती आपणच, श्रद्धाळू म्हणवणाऱ्यांनी बाजारात विकली. ज्येष्ठी पौर्णिमेस वडाची पूजा करावयाची ती त्याच्या दीर्घायुष्यासाठी ख्यातीमुळे, आणि आज आपण त्या वडाची तोडलेली फांदी विकत आणून तिला सूत गुंडाळतो व दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकतो. दसऱ्याला सोने म्हणून जे वाटतो ते पुष्कळदा आपट्याचे नसून कांचनाचे पान असते, आणि खरे असो वा खोटे, त्यापायी ओरबाडलेली झाडे दुसऱ्या दिवशी पाहण्यास कोणी जात नाही. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळून मातीला मिळते, प्लॅस्टर ऑफ पॅरिसची तशी विरघळत नाही, हे प्रत्येकास ठाऊक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत तसल्या मूर्ती नकोत असे स्पष्ट सांगितले. तरी मूर्ती निवडताना आपण उंची आणि रंग पाहतो. विसर्जनानंतरच्या सकाळी तळ्याकाठी पडलेले भग्न अवयव ज्या मुलाने पाहिले, त्याला आपण श्रद्धेचा कोणता पाठ दिला?

याच पोकळ श्रद्धेचे मोठे रूप सह्याद्रीतल्या देवरायांत दिसते. काळकाई, जननी, म्हातोबा अशा ग्रामदैवतांच्या नावे राखलेली ही राने. कित्येक ठिकाणी त्यांतली वाळकी काटकीही उचलावयाची नाही असा दंडक असे. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात या रायांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि भोवतालचे जंगल नष्ट झाले असताही तेथे जुने महावृक्ष व वेली कशा टिकून आहेत हे जगापुढे मांडले. जे रान कायद्याने राखले नाही ते आदरयुक्त भीतीने राखले. आता अनेक गावी काय घडते? उघड्यावरच्या शेंदरी तांदळ्याला सिमेंटचे देऊळ बांधावयाचे ठरते, सभामंडपासाठी जागा व पैसा हवा म्हणून राईतलीच झाडे तुटतात, आणि याला जीर्णोद्धार म्हणतात. देव ज्या झाडांत राहत होता ती तोडून त्याला छप्पर देणारे हे लोक अश्रद्ध नाहीत. त्यांच्या श्रद्धेतून झाड तेवढे गळून गेले आहे. आपला पुडीतली पत्री वाहणारा नातू मोठा झाला म्हणजे अशाच एखाद्या समितीवर बसणार आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. हे आमचे विवेकवादी मित्र. मुलाच्या कोवळ्या मनावर काही लादू नये, अठरा वर्षांचे झाले म्हणजे ते आपले आपण ठरवील, असे त्यांचे मत. या मताला मोठा वंश आहे. रूसोने १७६२ साली 'एमिल' या ग्रंथात किशोरवय उलटेपर्यंत मुलाला धर्माविषयी काही सांगू नये असेच प्रतिपादन केले, आणि त्याचे ते पुस्तक पॅरिसमध्ये व जिनिव्हात जाळण्यात आले. परंतु तोच रूसो एमिलला शहरातून उचलून खेड्यात, उघड्या हवेत, माती आणि झाडे यांच्या सान्निध्यात वाढवतो. आमच्या मित्रांनी रूसोचा अर्धा उपदेश घेतला आणि दुसरा सोयीस्करपणे टाकला. देव तर सांगितला नाहीच, पण रानही दिले नाही. मधली रिकामी जागा हातात दिलेल्या मोबाइलने भरून काढली. मूल कधीच रिकामे राहत नाही. आपण काही लादले नाही अशा समाधानात आपण असतो, तेव्हा जाहिरातदार आपले काम करून गेलेला असतो.

या मित्रांचा एक आक्षेप मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. "देव डोळे फोडील", "देव शिक्षा करील" अशी भीती दाखवून मुलाला गप्प बसवणे हे पाप आहे. त्याने मूल नम्र होत नाही, भित्रे किंवा ढोंगी होते. पण याच्यावर उपाय श्रद्धा काढून घेणे हा नव्हे. भीतीच्या जागी विस्मय आणणे हा होय. 'सायलेंट स्प्रिंग' लिहिणाऱ्या रेचेल कार्सन या शास्त्रज्ञ लेखिकेचे लहान मुलांविषयीचे 'द सेन्स ऑफ वंडर' हे छोटे पुस्तक तिच्या मृत्यूनंतर, १९६५ साली प्रसिद्ध झाले. आपल्या भाचीच्या लहानग्या मुलाला घेऊन ती रात्री-अपरात्री समुद्रकाठी आणि पावसात रानात जाई. माहिती मागाहून मिळते, आधी आश्चर्य वाटले पाहिजे, हा तिच्या म्हणण्याचा आशय. ज्यांना देव हा शब्द नको असेल त्यांनी तो वापरू नये. पण मुलाला हात जोडावेसे वाटेल असे काही तरी त्यांनी दाखवलेच पाहिजे.

नुसत्या निसर्गप्रेमाने भागेल असे कोणी म्हणेल, तर त्याने पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे जावे. तेथे काजवे पाहावयास शहरांतून गाड्यांची रांग लागते. काजव्याचे लुकलुकणे म्हणजे जोडीदाराला घातलेली साद होय. गाड्यांच्या दिव्यांनी आणि विजेऱ्यांनी ती साद बुडून जाते. मुले काचेच्या बरणीत काजवे भरतात आणि आईबाप कौतुकाने छायाचित्रे काढतात. ही माणसे निसर्गद्वेष्टी आहेत काय? नाहीत, त्यांना निसर्ग आवडतो, जसा आइस्क्रीमचा पेला आवडतो. आवडलेली वस्तू माणूस भोगतो. पूज्य वाटलेल्या वस्तूपुढेच तो आपला हात आवरतो. श्रद्धेवाचून निसर्गप्रेमाला हा आवरता हात येत नाही.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) या पुस्तकात हा आवरता हात कसा शिकवावा याचा वस्तुपाठ आहे. सकाळी इतरांच्या आधी आपल्याला फुले मिळावीत म्हणून श्याम रात्रीच मुक्या कळ्या तोडून आणतो. फुले देवासाठीच होती. तरी आईला ते रुचत नाही. कळीला झाडावर उमलू द्यावे असे ती त्याला समजावते. ती देवपूजा थांबवत नाही, आणि देवाच्या नावाने ओरबाडूही देत नाही. आपल्या घरातल्या सुशिक्षित आयांना व बापांना यापेक्षा निराळे मानसशास्त्र हवे असेल असे मला वाटत नाही.

"पण आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, दोघेही नोकरी करतो, आम्हाला रान कोठले?" हा प्रश्न खरा आहे, त्याची थट्टा करणे योग्य नव्हे. पण तो आपण समजतो तितका अवघड नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली तेव्हा माँटेसोरीची महागडी साधने बाजूस ठेवून पाने, बिया, खडे, शंखशिंपले यांवर काम चालवले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा अनुताई वाघांसह त्यांनी शाळाच कुरणात नेली. आपल्याला तर एका गल्लीतले एक झाड पुरे. वर्षभर दर रविवारी मुलाला घेऊन त्याच एका पिंपळापाशी जावे. पालवी तांबूस केव्हा झाली, फळे खावयास कोणते पक्षी आले, भिंतीच्या भेगेत उगवलेले त्याचे रोप तेथे कोणी नेले, हे पाहावे. निघताना मुलाने खोडाला हात लावून नमस्कार केला तर हसू नये.

हे केवळ हिंदू घरांपुरते आहे असेही कोणी समजू नये. ईदचा चंद्र गच्चीवरून शोधणारे मूल आकाशाकडे पाहावयास शिकते. गोव्यात नव्या भाताची कणसे चर्चमध्ये वाजत-गाजत नेणारे मूल अन्न कोठून येते हे शिकते. प्रत्येक घराच्या धर्मात एखादी खिडकी सृष्टीकडे उघडते. ती आपल्या घरात कोठे आहे हे ज्याने त्याने शोधावे, आणि ती बंद असेल तर उघडावी.

राहिला पानाच्या नावाचा प्रश्न. मुलाला शास्त्रीय नाव सांगण्याची गरज नाही. परंतु ज्याला आपण रोज भेटतो त्याचे नाव न विचारणे हा उद्धटपणा आहे, आणि मुलाने ते विचारल्यावर त्याला गप्प करणे हा अपराध आहे. त्या पाच वर्षांच्या मुलाचा प्रश्न त्या दिवशीच्या साऱ्या पूजेतली एकमेव जिवंत प्रार्थना होती, आणि आम्ही तीन प्रौढांनी मिळून ती थांबवली.

मी माझ्या स्नेह्यांना सांगितले आहे की पुढल्या चतुर्थीस पुडी आणू नये. आदल्या दिवशी आजोबांनी आणि नातवाने, हवे तर मलाही बरोबर घेऊन, गावाबाहेर जावे, आणि जी पाने ओळखता येतील तेवढीच, झाडाला न दुखवता, दोन-दोन आणावीत. उरलेल्या नावांना अक्षता वाहाव्यात. नऊच मिळाली तर नऊ वाहू. त्याच्या पुढल्या वर्षी दहावे पान ओळखता आले, तर गणपती प्रसन्न झाला असे मी समजेन.