तगरचे स्वामी, पण गादी तेरला नव्हती

शिलाहार राजांची राजधानी तेर होती, असे धाराशिव जिल्ह्यात अभिमानाने सांगितले जाते. आधार एकच: ताम्रपटांतले ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद. तगर म्हणजे तेर, हे पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडले. त्याआधी विल्फर्डने तगर देवगिरीला नेऊन बसवले होते, तर भांडारकरांना धारूर संभवनीय वाटले होते. फ्लीटचे मत आता सर्वमान्य आहे. त्यावरून काढलेला राजधानीचा निष्कर्ष मात्र टिकत नाही.

शिलाहारांच्या ठाणे शाखेतल्या अरिकेसरीचेच उदाहरण घ्या. 1017 च्या ठाण्याच्या ताम्रपटात तो स्वतःला तगरचा स्वामी म्हणवतो, पण त्याचे राज्य पुरी राजधानी असलेल्या चौदाशे गावांच्या कोकणाचे. पुढच्या शतकात कोल्हापूरचा गंडरादित्य तेच बिरुद लावतो.  ठाण्याची शाखाही तेव्हा त्याच अर्थाचे बिरुद मिरवत होती. मग एकाच तेरवर दोघांचे राज्य होते म्हणायचे का? तेर तर तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांच्या मुलखात होते. ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवणारे राष्ट्रकूटही मान्यखेटाहून राज्य करीत. हे लत्तलूर म्हणजे लातूर, 1982 पर्यंत याच जिल्ह्यातले.

दुसरे टोकही मला मान्य नाही. बिरुद म्हणजे पोकळ बढाई, असे म्हणून काहीजण ते झटकून टाकतात. नुसती बढाईच मारायची तर पैठण किंवा अयोध्या सोडून तगर कोण निवडेल? पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथामध्ये तगरचे कापड भडोचला जाताना दिसते, अरिकेसरीच्या वेळी त्या वैभवाला हजार वर्षे होत आली होती. कुळाची बढाई मारणारे राजे असतातच: इंग्लंडातल्या वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाची वंशावळ वोडेन देवाला ओलांडून आदमापर्यंत नेलेली आहे. 893 मध्ये त्याचे चरित्र लिहिणाऱ्या ॲसरने ती तशीच नोंदवली. शिलाहारांनीही आपले कूळ जीमूतवाहन विद्याधरापर्यंत नेले, ते बाजूला ठेवू. पण तगर हे खरे गाव आहे. दोन दूरच्या शाखांनी त्याचेच नाव शतकानुशतके जपले, ते तिथून निघालेल्या कुळाची आठवण म्हणूनच, असे माझे ठाम मत आहे.

तेरला राजधानीच्या उसन्या मानाची गरज नाही. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आणि लामतुरे संग्रहालयातली, पाँपेईच्या मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती बाहुली गावातच आहेत. शिक्षकांनी आणि वाट दाखवणाऱ्यांनी यापुढे ‘शिलाहारांची राजधानी’ न म्हणता ‘शिलाहारांचे मूळ गाव’ म्हणावे.