परतल्यावर येणारा ताप

आखाती देशांतल्या शाळांची उन्हाळी सुट्टी जुलै-ऑगस्टमधली, म्हणजे जयगडच्या ऐन पावसातली. सुट्टीवर आलेली मुले महिनाभर चिखलात हुंदडतात, जाता-येता मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम होतो आणि ऑगस्टअखेर कुटुंब दुबईला परतते. दुखणे मात्र नंतर उमटू शकते. मलेरियाचा डास चावल्यावर ताप यायला साधारण एक ते चार आठवडे लागतात. व्हायवॅक्स मलेरियाचे जंतू तर यकृतात महिनोन्‌महिने दडून बसतात. पायाच्या जखमेतून शिरलेला लेप्टोही महिनाभरापर्यंत डोके वर काढू शकतो.

‘आम्ही कोकणातलेच, आम्हाला काय होतंय,’ ही समजूत घातक आहे. परदेशात जन्मलेल्या मुलांत मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती नसतेच. मोठ्यांची असलीच तरी तिथे राहून ओसरते. संयुक्त अरब अमिरातीला जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मलेरियामुक्त ठरवले. त्यामुळे तिथे ताप म्हणजे फ्लू असेच घरात धरले जाते आणि गोळ्यांवर दिवस जातात. फाल्सिपॅरम मलेरियात असे दोन-तीन दिवसही जिवावर बेततात. म्हणून ताप येताच, ‘पावसाळ्यात कोकणात, मुंबईत राहून आलो,’ हे डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगावे. पहिल्या रक्ततपासणीत काही आढळले नाही, तरी ताप असेपर्यंत बारा ते चोवीस तासांनी ती पुन्हा करून घ्यावी.