मुक्काम मित्राच्या घरी

तुम्ही लांबचा प्रवास करून घरी परतता, तेव्हा लोक तुम्हांला काय विचारतात? बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "किती तास लागले?" दुसरा प्रश्न असतो, "खर्च किती आला?" "वाटेत कोणाकडे उतरला होता?" असे आता क्वचितच कोणी विचारते. मला मात्र हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. का, ते सांगतो.

वेगाने जाण्यातही पराक्रम आहे, हे मी नाकारत नाही. कलकत्त्याचे महंमद सलाहुद्दीन चौधरी आणि त्यांच्या पत्नी नीना हे १९८९ साली आपल्याच देशात बनलेली काँटेसा मोटार घेऊन दिल्लीहून निघाले आणि पृथ्वीला प्रदक्षिणा घालून दिल्लीलाच परतले. ६९ दिवस, १९ तास आणि ५ मिनिटे! त्यांची नोंद गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात झाली. असा पराक्रम करणाऱ्याला वाटेत कोणाच्या घरी निवांत बसणे परवडत नाही. पण आपल्याला कोठे विक्रम करायचा असतो? तरीही आपण विक्रमवीरांसारखे घड्याळ पाहत धावतो.

मी आणि माझी पत्नी, दोघेही निवृत्त शिक्षक. आम्ही आमची जुनी मोटार घेऊन भिवंडीहून आग्र्याला जायचे ठरवले. मुंबई-आग्रा हा रस्ता सुमारे बाराशे किलोमीटरचा. जोर केला तर दोन दिवसांत संपतो. आम्ही त्याला आठ दिवस घेतले, कारण वाटेवरच्या चार गावांत आमची माणसे होती. गाडी आम्ही आळीपाळीने चालवली. (कसारा घाट पत्नीने चढवला. मी शेजारी बसून सूचना देत होतो. त्या तिने ऐकल्या नाहीत, हे बरेच झाले.)

पहिला मुक्काम मालेगावला. माझा अध्यापक विद्यालयातला मित्र तेथे राहतो. घर दोन खोल्यांचे. त्याने आतली खोली आम्हांला दिली आणि स्वतः शेजाऱ्याकडे झोपायला गेला. रात्रभर यंत्रमागांची खडखड चालू होती. मला झोप येईना. सकाळी मी तसे म्हणालो, तेव्हा तो हसून म्हणाला, "अरे, आम्हांला उलट माग बंद पडले की जाग येते!" मग चहा पिता पिता त्याने आपल्या पणजोबांची हकिकत सांगितली. १८५७ च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातील मऊ, आझमगड, बनारस या भागांतून अनेक विणकर कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. हातमागाचे सामान आणि मुलेबाळे घेऊन ती याच आग्रा रस्त्याने आली. कोणी बुऱ्हाणपूरला थांबले, कोणी मालेगावला, कोणी भिवंडीला. ज्या रस्त्याने आम्ही गाडीत बसून सहलीला निघालो होतो, त्याच रस्त्याने माझ्या मित्राचे पूर्वज पायी आले होते! हे मला हॉटेलच्या खोलीत कोण सांगणार होते?

निघताना मित्राच्या पत्नीने मालेगावचे एक लुगडे माझ्या पत्नीच्या हाती ठेवले. "हे तुमच्या इंदूरच्या मैत्रिणीला द्या, भाभी." दोघींची एकमेकींशी ओळखही नव्हती.

धुळे, शिरपूर मागे पडले. पळासनेरनंतर महाराष्ट्र संपतो, हे पाट्यांवरून कळते. डोंगर मात्र तेच राहतात. खलघाटला नर्मदेच्या पुलावर थोडा वेळ थांबलो. इंदूरला पत्नीची मैत्रीण राहते. तिचे सासर मराठी. होळकरांच्या काळापासून तेथे स्थायिक झालेली अशी पुष्कळ मराठी घराणी आहेत. मैत्रिणीच्या सासूबाई हिंदीची फोडणी दिलेले मराठी बोलत. माझी पत्नी तुमच्यासारखीच उर्दू शाळेत शिकलेली. मराठीच्या तासाला ती खिडकीबाहेर पाहत असे, हे तिने स्वतःच मला सांगितले आहे. त्या संध्याकाळी मात्र ती आणि त्या आजी तीन तास मराठीत बोलत बसल्या. आजींनी विचारले, "मुली, इतकं चांगलं मराठी कुठं शिकलीस?" पत्नीने शाळेचे नाव सांगितले. खिडकीचे सांगितले नाही.

येथपर्यंत वाचून तुम्हांला वाटेल की मित्राकडे उतरणे म्हणजे आनंदीआनंद. तसे नाही. ग्वाल्हेरला आमच्याकडून चूक झाली. तेथील मित्राला अगोदर कळवलेच नव्हते. त्याला चकित करू, असा माझा बेत होता. संध्याकाळी दार वाजवले. त्याने मिठी मारली, पण घरात गेल्यावर दिसले की मुलीची बारावीची परीक्षा चार दिवसांवर आली होती आणि त्याच्या पत्नीला ताप होता. तरीही ती माउली उठली आणि चुलीपाशी गेली. मुलगी पुस्तके उचलून जिन्यात जाऊन बसली, कारण तिची खोली आम्हांला दिली होती.

रात्री माझी पत्नी मला म्हणाली, "पाहुणचाराचे गोडवे तुम्ही पुरुष गाता. पोळ्या कोण लाटते?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती स्वयंपाकघरात गेली, भांडी घासली, दुसऱ्या दिवशीची भाजी चिरून ठेवली. मी झाडू घेतला. मित्र "अरे, काय करतोस?" म्हणत राहिला, पण मी ऐकले नाही. सकाळी लवकरच आम्ही निघालो.

आपल्या धर्मात पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा सांगितला आहे. त्यापुढचा पाहुणचार हा सदका ठरतो. मराठी माणूस याहून कडक. तो म्हणतो, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई! हक्क मोठा की अक्कल मोठी, हा वाद मी तुमच्यावर सोडतो. माझे मत असे की अगोदर विचारावे, थोडेच राहावे आणि हात चालवावेत. एवढे पाळले तर मित्राच्या दोन खोल्यांतही जागा होते. "आजकाल कोणाला वेळ आहे?" असे म्हणून मित्राच्या गावातूनही न थांबता पुढे जाणे मला पटत नाही. भीड वाटते म्हणून आपण जात नाही, आणि तोही भिडेपोटी बोलावत नाही. अशी किती वर्षे जातात!

इब्न बतूता १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तँजियरहून निघाला. हाच प्रवासी पुढे आपल्या दौलताबादलाही आला होता. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात त्याला एक सत्पुरुष भेटले. त्यांनी सांगितले, "हिंदुस्थानात, सिंधमध्ये आणि चीनमध्ये माझे एकेक बंधू आहेत. त्यांना माझा सलाम सांग." तोवर इतक्या दूर जाण्याचा विचारही त्या तरुणाच्या मनात आलेला नव्हता. पण तो गेला, तिघांनाही भेटला आणि सलाम पोहोचवला, असे त्याने सांगून ठेवले आहे. मला त्याच्या साऱ्या प्रवासातली ही गोष्ट फार आवडते. सलाम पोहोचवायचा असला की रस्ता नुसता रस्ता राहत नाही.

आम्हीही तेच केले, पण लहान प्रमाणावर. मालेगावचे लुगडे इंदूरला दिले. इंदूरची शेव ग्वाल्हेरला दिली. ग्वाल्हेरच्या मित्राने गजकचा डबा दिला, तो चंबळ ओलांडून आग्र्याला पोहोचवला. आग्र्याच्या मित्राने पेठ्याचे चार डबे बांधून दिले, ते परतीच्या वाटेवर वाटायचे होते.

ग्वाल्हेरला उतरायचे नाही, असे पत्नीने बजावले होते. मी फोन करून मित्राला तसे सांगितले. तो म्हणाला, "निदान दारात उभे राहून चहा घ्या." आम्ही गेलो. त्याच्या पत्नीचा ताप उतरला होता. चहा मित्राने स्वतः केला होता; साखर जास्त पडली होती. मुलगी नुकतीच पेपर देऊन आली होती. तिने पेठ्याचा डबा घेतला, तेथेच उघडला आणि म्हणाली, "काका, पेपर बरा गेला. पण पुढच्या वेळी मे महिन्यात या!"