पडद्यावरचं कच्चं लिंबू

द्रोणागिरीतल्या सोसायट्यांच्या आवारात लपंडाव किंवा डबा ऐसपैस रंगला, की एखादं पिटुकलं पोर ‘कच्चं लिंबू’ ठरतं. ते सापडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. ही सवलत सगळ्यांना ठाऊक असते, त्या पोरालाही. अंधार पडला, वरून हाका आल्या, की खेळ संपतो.

अनेक व्हिडिओ गेम हेच करतात, फक्त न सांगता. खेळाडू किती वेळा हरला, नेम किती चुकला याची नोंद ठेवून गेम स्वतःला सोपा किंवा अवघड करत राहतो. २००५ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मध्ये पुन्हा पुन्हा मरणाऱ्यापुढचे शत्रू कमी होत. ‘पबजी मोबाइल’मध्ये नवख्यासमोर येणारे कित्येक प्रतिस्पर्धी माणसं नसून संगणकानं चालवलेले बॉट असत. पहिल्याच आठवड्यात आपण पट्टीचे नेमबाज झालो, असं वाटण्याचं गुपित हे!

फार सोपं असलं तर कंटाळा येतो, फार अवघड असलं तर चिडचिड होते. मधल्या चिंचोळ्या पट्टीत मन असं रमतं की वेळेचं भान उरत नाही. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी या अवस्थेला ‘फ्लो’ म्हटलं. स्वतःला बदलणारा गेम खेळाडूला त्या पट्टीतून सहसा बाहेर पडू देत नाही.

या तंत्राचा उपयोग औषधासारखाही होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतील अ‍ॅडम गझाली यांच्या गटानं ‘न्यूरोरेसर’ हा असा गेम ६० ते ८५ वयाच्या मंडळींना महिनाभर खेळायला दिला. दोन कामं एकाच वेळी सांभाळण्यात ती मंडळी, सराव न केलेल्या विशीतल्या तरुणांच्या पुढे गेली. २०१३ साली ‘नेचर’नं हे संशोधन छापलं. त्याच तंत्रावरच्या ‘एंडेव्हरआरएक्स’ला २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मान्यता दिली, ती ८ ते १२ वर्षांच्या, एकाग्रतेची अडचण असलेल्या मुलांसाठी. तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या या गेमची मात्रा ठरलेली होती: दिवसाला साधारण २५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, किमान चार आठवडे.

बाजारातल्या गेमला ही मात्राच नाही. हरून वैतागणं हा खेळ थांबवण्याचा सर्वांत जुना मार्ग, आणि नेमका तोच इथं बुजवलेला असतो. उरण लोकलमध्ये खेळणाऱ्याला निदान स्टेशन आलं की उतरावं लागतं. घरी सोफ्यावर बसलेल्या मुलाचं स्टेशन येतच नाही. अशा मुलाला ‘संयमच नाही’ म्हणून झापणं अन्यायाचं आहे. एका बाजूला दहा वर्षांचं मूल आणि दुसऱ्या बाजूला त्याची प्रत्येक चूक मोजणारं यंत्र, ही लढत बरोबरीची नाही.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. वेळ गिळणारे गेम त्यात येत नाहीत. सरसकट बंदी त्यांच्यावर नकोच. पण काठिण्य आपोआप बदलत असेल तर ते पडद्यावर लिहिण्याची आणि ते बंद करण्याचं बटण देण्याची सक्ती करायला काय हरकत आहे?

तोवर घरात ‘ही एक मॅच संपव आणि ठेव’ हा करार फारसा टिकणार नाही, कारण पुढची मॅच हवीशी वाटेल अशीच बेतलेली असते. मॅच मोजण्यापेक्षा घड्याळ लावावं, आणि वेळ संपल्याची सूचना खेळ सुरू होण्याआधीच ठरवावी. मूल मोठं असेल तर त्याला हे तंत्र समजावून सांगावं. आपल्याला गुपचूप कच्चं लिंबू केलं जातंय, हे कळलेलं कुठल्याही मुलाला आवडत नाही.