कांचेआडची करमणूक

मांजराचा खेळ होतो, पण उंदराचा जीव जातो, अशी आपली म्हण आहे. जीव न घेतां तोच खेळ करण्याची नवी युक्ति म्हणजे कांचेच्या पेटींत उंदीर सोडून ती घरच्या मांजरापुढें मांडणें. झांकण पक्कें असल्यावर क्रौर्य कसलें, असें तिचे पुरस्कर्ते विचारतात. पण कांच पंजा अडविते, भय अडवीत नाहीं! हवेकरितां ठेवलेल्या जाळीस मांजराचें तोंड लागावयाचेंच. आणि मांजराच्या लाळेंतील एका प्रथिनाचा सुगावा लागतांच, मांजर कधींही न पाहिलेले उंदीरसुद्धां भयभीत होतात, असें २०१० सालीं प्रयोगान्तीं दिसून आलें. बाहेर उंदराला बीळ तरी असतें. येथें त्यानें पळावें कोठें?

केवळ करमणुकीकरितां प्राण्यास कोंडून दुसऱ्याचें भक्ष्य करणें हा १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यानें आपल्या देशांत गुन्हा आहे. भक्षण झालें नाहीं म्हणून कायदा कदाचित् चुकवितां येईल; माणुसकी कशी चुकवावी?

बरें, मांजराचें तरी काय साधतें? दबा धरावयाचा, झेप घ्यावयाची आणि कांचेवर नाक आपटावयाचें! दोरीला बांधलेलें पीस त्याला निदान पकडतां येतें. मात्र ती दोरी हलविण्यास धन्याला आरामखुर्ची सोडावी लागते. खरी अडचण तेवढीच आहे.