एका व्यक्तीची बदनामी दखलपात्र, समाजाची नाही

मार्च २००५. ब्रिटनमधील सार्वत्रिक निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. ‘द सन’ या प्रचंड खपाच्या दैनिकाने पहिल्या पानावर ‘तळ चिरडून टाका’ अशी मोहीम उघडली. तळ म्हणजे जिप्सी व आयरिश ट्रॅव्हलर ही भटकी कुटुंबे आपली चाकांवरची घरे उभी करतात ती जागा. १९६८ च्या कायद्याने असे तळ उपलब्ध करून देणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक होते. १९९४ मध्ये ते बंधन काढून टाकण्यात आले. अधिकृत जागा अपुऱ्या पडल्या, तेव्हा लोक मिळेल तेथे थांबू लागले. वृत्तपत्रांतून अनधिकृत मुक्काम ठळकपणे दिसला, त्यामागचा कायदा मात्र क्वचितच.

हे लोक आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. रोमा जिप्सींच्या भाषेचे मूळ भारतात आहे. नाक, कान, पानी हे शब्द ते आजही वापरतात. आयरिश ट्रॅव्हलर वंशाने वेगळे, पण त्यांच्यातील बहुसंख्य कॅथलिक आहेत. १९३६ मध्ये स्पेनमध्ये एका धर्मगुरूची बाजू घेतल्याने पकडले गेलेले व हातातील रोझरी न सोडता मरण पत्करलेले सेफेरिनो हिमेनेझ माया हे जिप्सीच होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले.

अशा समाजाने वृत्तपत्राविरुद्ध दाद मागावी कोठे? त्या काळी प्रेस कम्प्लेंट्स कमिशन ही संस्था होती. आचारसंहितेचे बारावे कलम वंश, वर्ण वा धर्म यांवरून ‘व्यक्तीचा’ हेटाळणीपूर्ण उल्लेख करण्यास मनाई करीत असे. सारा घोळ या एका शब्दात आहे. एका ट्रॅव्हलरचे नाव घेऊन त्याच्या वंशाची निंदा केली तर संपादकाला जाब द्यावा लागे. सगळे ट्रॅव्हलर तसलेच, असे लिहिले तर हे कलम लागूच होत नसे. निशाणा जितका मोठा, तितका नेमबाज सुरक्षित!

फोन हॅकिंग प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती लेव्हसन चौकशीपुढे भटक्या समाजाच्या संघटनांनीही आपली कैफियत मांडली. भेदभावपूर्ण वार्तांकनात हस्तक्षेप करण्याचा नव्या नियामक संस्थेने विचार करावा, असे नोव्हेंबर २०१२ च्या अहवालाने सुचविले. २०१४ मध्ये ‘इप्सो’ ही नवी संस्था आली, परंतु बाराव्या कलमातील तो शब्द तसाच राहिला. संहिता ठरविणाऱ्या समितीत बहुसंख्य सदस्य संपादकच आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. २०१५ मध्ये ‘द सन’च्या एका स्तंभात स्थलांतरितांना झुरळांची उपमा दिली गेली, तेव्हाही भेदभावाच्या तक्रारी याच कारणाने फेटाळल्या गेल्या.

संपादकांचा युक्तिवाद असा, की समूहांच्या तक्रारी घेतल्या तर प्रत्येक दुखावलेला गट लेखणीवर बंधन आणील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. भावना दुखावल्याच्या तक्रारींचे पुढे काय होते हे आपण भारतात पाहतच असतो. परंतु दुखावणे वेगळे आणि द्वेष पेटविणे वेगळे. ‘इम्प्रेस’ या दुसऱ्या नियामक संस्थेची संहिता समूहाविरुद्ध द्वेष भडकविण्यास मनाई करते. मात्र एकही मोठे राष्ट्रीय दैनिक तिचे सभासद नाही.

समाजाची तक्रार ऐकणे अशक्य आहे, असेही नाही. ‘चॅनेल फोर’ने जिप्सी विवाहांवरील मालिकेसाठी लावलेले जाहिरातफलक जाहिरात नियामकाने ऑक्टोबर २०१२ मध्ये दोषी ठरविले. सुरुवातीला तक्रारी फेटाळल्या गेल्या होत्या. फेरतपासणीनंतर फलक गंभीररीत्या दुखावणारे व बेजबाबदार असल्याचा निर्णय आला. म्हणजे भिंतीवरील फलकाला जो नियम आहे, तो वृत्तपत्राच्या पहिल्या पानाला नाही.

मान्यताप्राप्त नियामकाकडे न जाणाऱ्या वृत्तपत्रांवर न्यायालयीन खर्चाचा भार टाकणारी तरतूद २०१३ च्या कायद्यात होती. ती कधीच अंमलात आणली गेली नाही, आणि २०२४ मध्ये संसदेने ती रद्दही केली. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये जिप्सी वा आयरिश ट्रॅव्हलर अशी नोंद करणारे सुमारे ७१ हजार लोक होते.