बॅकअप आहे, पण उघडणार कशाने?
ठाकुर्लीत नव्वद फुटी रस्त्यालगतच्या सोसायट्यांमध्ये हिशेबाची, क्लासची, डिझाइनची कामं घरच्या कॉम्प्युटरवर चालतात. 26 जुलै 2005 चा पूर ज्यांनी कल्याण-डोंबिवलीत पाहिला, त्यांना बॅकअपचं महत्त्व सांगायला नको. पण बॅकअपची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, बाहेरच्या हार्ड डिस्कवर सुखरूप आणि विंडोजच उठत नाही, तर ती इमेज उघडायची कशाने? त्यासाठी रेस्क्यू पेनड्राइव्ह लागतो, आणि तो मशीन धडधाकट असतानाच करून ठेवलेला बरा. त्यासाठी क्लोनझिला, रेस्क्यूझिला हे प्रोग्रॅम फुकट मिळतात. मात्र त्यांची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रुफससारख्या प्रोग्रॅमने ती त्यावर लिहावी लागते. त्यात आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा मुंजीचे फोटो असलेला पेनड्राइव्ह कृपा करून घेऊ नका. मग मशीन चालू होताना एफ12, एफ9 किंवा एस्केप (दर कंपनीची तऱ्हा वेगळी) दाबून बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडायचा. खरी गोची पुढेच आहे. काही नव्या लॅपटॉपवर रेस्क्यू झकास सुरू होतं, पण आतली एसएसडी यादीत दिसतच नाही; बायोसमध्ये डिस्क हाताळणारं इंटेलचं व्हीएमडी चालू असतं आणि रेस्क्यूकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. ऐन रिटर्न भरायच्या रात्री हे कळलं, तर डोक्याला हात लावायची वेळ येते. डिस्कला विंडोजचं बिटलॉकर कुलूप असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, आणि येत्या रविवारी पेनड्राइव्हवरून मशीन एकदा चालू करून डिस्क दिसते का, एवढं तरी बघाच.